माळखोपचा थांबा

“डबा कुणाला?” जयराजनं विचारलं.

आक्काताईनं खिरीच्या कप्प्यावर झाकण दाबून बसवलं. “सुकुमारला.”

हे नाव या घरात कुणी मोठ्यानं घेत नसे. सुकुमार तिचा धाकटा भाऊ. गावात जैनांची पंचकल्याणक पूजा होती, तेव्हाची गोष्ट. पूजेत इंद्र व्हायचा मान सवाल, म्हणजे पैशांची बोली, बोलून ठरतो. भर मांडवात जो जास्त बोलेल, त्याचा. जयराजला तो मान हवा होता, पण स्वतः तोंड उघडायचा संकोच, म्हणून त्यानं एका मित्राला बोलायला बसवलं. ड्यूटीवरून थेट मांडवात आलेल्या सुकुमारला काय ठाऊक, की समोरच्या आवाजामागं आपले दाजी आहेत? तो चढवत गेला आणि मान घेऊन बसला. कळल्यावर पाया पडायला धावला, तर जयराज भरल्या पंगतीतून उठला. हा माणूस जिथं जेवेल तिथं मी पाणीही पिणार नाही, म्हणाला. एवढ्याशा गोष्टीवरून, असं तुम्हाआम्हाला वाटेल. सवाल हरलेल्या माणसाला ती एवढीशी वाटत नाही.

सुकुमार रेल्वेत गार्ड होता. त्याची लांब पल्ल्याची पॅसेंजर दिवस मावळायच्या आत माळखोपला यायची आणि समोरची गाडी जाईपर्यंत थांबून राहायची. सूर्यास्तानंतर अन्नपाणी घ्यायचं नाही, हा सुकुमारचा लहानपणापासूनचा नेम. बाकीची माणसं फलाटाच्या मध्यावर धावायची. आक्काताई डबा घेऊन पार शेवटाला, गार्डच्या डब्याकडं. तो उभ्या उभ्या जेवायचा आणि ती बघत राहायची. गावाला हे माहीत होतं, जयराजलाही. पण स्टेशन काही त्याच्या घरात नव्हतं, म्हणून तो गप्प बसायचा. आक्काताईचं माहेर म्हणायचं तर तेवढा थांबाच उरला होता.

कोरोनात गाडी बंद झाली. पुढं रूळ दुहेरी झाले, वर तारा आल्या, गावानं निवेदनांवर निवेदनं दिली, आणि गाडी आली ती एक्सप्रेस होऊन. माळखोपला ती धूळ उडवण्यापुरती येते. सुकुमार निवृत्त होऊन साताऱ्याला लेकाकडं राहायला गेला. भेटी संपल्या, फोन उरला.

आज तो त्याच एक्सप्रेसनं मिरजेला निघाला होता. उद्या हृदयाचं ऑपरेशन. लेक पुढं जाऊन दवाखान्यातलं बघत होता. धोका आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

“गाडी थांबत न्हाई तितं,” जयराज म्हणाला.

“म्हाईत हाय. त्यो दारात हुबा ऱ्हानार हाय.”

“धावत्या गाडीत डबा देनार? याड लागलंय काय तुला?”

“मिरजंला पोचंस्तवर अंधार पडंल. उद्या उपाशीपोटी आत नेत्यात. माझ्या हातचा घास त्येच्या पोटात कवा जायचा, सांगा तुमी.” आणि उत्तराची वाट न बघता ती बाहेर पडली.

फलाटाच्या शेवटाला ती डबा छातीशी धरून उभी राहिली. सूर्य उसाच्या शेंड्यांवर आला होता. गाडीला उशीर झालेला. लांबून भोंगा ऐकू आला आणि पायाखालचा फलाट थरथरू लागला. एवढ्या वेगाचा अंदाज तिला नव्हता. तिची गाडी हळूहळू यायची, धापा टाकत थांबायची. इंजिन अंगावर आल्यासारखं गेलं, डोळ्यांत धूळ गेली, तरी तिनं डबा धरलेला हात पुढं केला.

“मावशी, मागं व्हा!” स्टेशनातून कुणीतरी ओरडलं.

शेवटच्या डब्याच्या दारात सुकुमार होता. किती वाळला होता! तो हात पुढं करत नव्हता. एका हातानं दांडी धरून दुसऱ्या पंज्यानं मागं, मागं असं जिवाच्या आकांतानं खुणावत होता. तिला ते दिसलं, पण पाय पुढंच गेले. दाराच्या दांडीचा फटका डब्याला बसला, डबा उडून रुळांत गेला, आणि त्याच क्षणी कुणीतरी तिला दंडाला धरून मागं ओढलं.

जयराज होता. दोघंही फलाटावर पडली.

“मेली असतीस आत्ता!” त्याचा आवाज फुटत होता.

“मेले असते तर बरं झालं असतं,” आक्काताई म्हणाली. “माझ्या मयताला तरी माझा भाऊ तुमच्या दारात आला असता.”

जयराज रुळांत सांडलेल्या खिरीकडं बघत होता. मग त्यानं हात पुढं केला. “फोन लावून दे त्येला.”

तिनं लावून दिला.

“पाव्हणं, मी जयराज. आक्का बरी हाय. तुमी सांगलीत उतरा. आमी गाडीवरनं येतोय.”

मोटारसायकलवर ती त्याच्या पाठीला धरून बसली होती आणि सारखी पश्चिमेकडं बघत होती. माधवनगरात त्यानं गाडी थांबवून घाईघाईनं केळी घेतली. तेवढ्यात सूर्य गेला.

सांगली स्टेशनात सुकुमार बाकावर बसला होता. बहिणीला बघून तो उठून उभा राहिला.

“खाल्लंस काय?” तिनं विचारलं.

“तू येनार म्हनून थांबलो हुतो.”

जयराजनं केळं पुढं केलं. “घ्या पाव्हणं. उजेड हाय अजून.”

उजेड कुठला? आभाळ नुसतं तांबडं होतं. सुकुमारनं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा दाजींकडं, आणि केळं घेऊन साल सोलायला लागला. दाजींच्या शब्दाखातर तो जन्माचा नेम मोडणार, हे आक्काताईला कळलं. तिनं त्याचं मनगट धरलं.

“नगं. नेम हाय तुझा.”

जयराज केळ्यांची पिशवी धरून तसाच उभा होता, भर मांडवात उघडा पडल्यागत. मग त्यानं पिशवी शेजारच्या बाकावरच्या बाईच्या हातात देऊन टाकली.

“मग तुमी जेवल्याबिगर मीबी जेवनार न्हाई.”

“आवं दाजी, तुमाला शुगर हाय. इन्सुलिन घेता तुमी!”

“असू दे,” म्हणत त्यानं सुकुमारची बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं नव्हतं. जयराजच्या हाताला कंप सुटला होता, कपाळ घामानं भिजलं होतं. आक्काताईनं चहा आणला.

“आर्धा तरी घ्या.”

त्यानं कप हळूच बाजूला सारला आणि दाराकडं बघत बसला.