रंभेच्या पाठीवरची बातमी

मी एक जुना वार्ताफलक आहे. वार्ताफलक म्हणजे गावाच्या बातम्या खडूने लिहायचा काळा फळा. मित्रांनो, माझ्यावर कसे लिहावे हे पिंपरीच्या सुमनताईंना पुण्याच्या एका वर्गाने शिकवले आणि रंभा नावाच्या म्हशीने त्यांच्याकडून पक्के करून घेतले. एवढे कळले तरी माझी गोष्ट कळली. सवड असेल तर पुढचे वाचा.

माझे लाकूड परदेशी आहे. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेने तेव्हा कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. त्यांची यंत्रे आगबोटीने, मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून येत. यंत्र कारखान्यात गेले, की खोके बाहेर पडून राही. अशा एका खोक्याच्या फळ्या ज्योतीराम सुताराने आणल्या, रंधा मारून जोडल्या आणि माझ्या अंगाला काजळी, सरस आणि विटेची वस्त्रगाळ पूड यांचा लेप दिला. विटेची पूड कशाला, असे तुम्ही विचाराल. अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर खडू नुसता घसरतो. पृष्ठभाग किंचित खरखरीत असला, की तो खडूला घासतो, खडू झिजतो आणि झिजलेली भुकटी खाचांत अडकून अक्षर दिसते. माझा खरखरीतपणा हा माझा गुणच होता. तो आणखी कुणाला आवडेल, याचा विचार ज्योतीरामाने केला नव्हता.

वाचनालयाचे चिटणीस उद्धवराव यांनी मला वाचनालयाबाहेर, नदीकडून येणाऱ्या वाटेवर दोन खांबांना ठोकले. माझ्यावर लिहायचे काम सुमनताईंनी मागून घेतले. त्या गावातल्याच. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी पुण्यातल्या एका कॉलेजच्या नव्या वर्गात नाव घातले होते. तिथे बातमी लिहिणे, जाहीर निवेदने करणे, संस्थांची प्रसिद्धी सांभाळणे असे विषय होते. नुसत्या पुस्तकी परीक्षेवर प्रमाणपत्र मिळणार नव्हते. आपल्या गावात वर्षभर लोकांच्या उपयोगाचे काम करून दाखवायचे आणि ते बघायला शिक्षक स्वतः येणार, अशी अट होती. सुमनताईंचे काम म्हणजे मी.

"वर्षभर फळा तुझा," उद्धवराव म्हणाले. "पण लोकांची तक्रार आली तर मी तो शाळेला देऊन टाकीन. मग तुझ्या प्रमाणपत्राचं तू बघ."

सुमनताई सकाळी लिहीत आणि दुपारच्या गाडीने पुण्याला जात. बहुतेक गाव शेतावरून संध्याकाळी परते आणि तेव्हा मला वाचे. मधल्या वेळात रंभा येई. रंभा तानाबाईंची म्हैस. नदीत मनसोक्त डुंबून ती ओल्या अंगाने घरी निघे. वाटेत तिला मी भेटे. माझा खालचा भाग बरोबर तिच्या पाठीच्या उंचीला होता आणि माझा खरखरीतपणा तिला फारच पसंत पडला होता. ती डोळे मिटून, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठ घासत जाई. माझा खालचा अर्धा भाग पुसला जाई. खरे सांगतो, मलाही गुदगुल्या होत.

सुरुवातीला कुणी तक्रार केली नाही. खाली बाजारभाव असत, कुठेतरी झालेल्या समारंभाचा वृत्तांत असे. ते पुसले गेले तरी गावाचे काही अडत नसे. मग एका कारखान्याची कामगारभरती निघाली. सुमनताईंनी सगळी हौस पणाला लावली. 'नवयुगाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या भूमीत' अशी सुरुवात करून त्यांनी उद्योग, श्रम आणि उषःकाल यांवर सुंदर अक्षरांत मजकूर लिहिला. भरतीचा वार, वेळ आणि फाटक सगळ्यात शेवटी आले. दुपारी रंभा येऊन गेली.

तानाबाईंच्या मुलाने, मुरारीने, संध्याकाळी राहिलेला भाग वाचला. भरती आहे एवढे त्याला कळले. तो मंगळवारी गेला. भरती सोमवारीच होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रंभा दावणीला न बांधता मागेच आणली होती.

"सुमे, तुझ्या फळ्यानं माझ्या पोराची नोकरी घालवली."

"तानाकाकू, वार लिहिला होता मी. तळाला होता."

"तळाला? तळाला तर नुस्तं पांढरं फराटं व्हतं."

शेजारच्या मळ्यातले गेनबा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "ती फराटं तुमच्या रंभेची हायेत, वैनी. रोज पुसती ती."

तानाबाईंनी वळून म्हशीकडे पाहिले. "तिला काय वाचाया येतं व्हय?"

"वाचाया येत असतं, तर तिनं वरचं पुसलं असतं," गेनबा म्हणाले.

सगळे हसले. सुमनताई हसल्या नाहीत. तानाबाईंचा राग गेला नव्हता आणि आवाज ऐकून उद्धवराव बाहेर आले होते. "ही पहिली तक्रार," ते म्हणाले. "दुसरी आली, की फळा शाळेत."

त्या दिवशी सुमनताईंनी वर्गात काय सांगितले, ते मला त्यांच्या बोलण्यातून नंतर कळले. म्हशीला बांधायला लावू का, की फळा उंच करू, असे त्यांनी विचारले. शिकवणारे यशवंतराव आधी बरीच वर्षे वृत्तपत्रात होते. ते म्हणाले, "म्हैस प्रत्येक वृत्तपत्रात असते, सुमनताई. जागा कमी पडली, की पान लावणारा बातमी खालून कापतो. वाचणाऱ्याची गाडी आली, की तोही अर्ध्यात उठून जातो. म्हैस बांधू नका. बातमी उलटी करा."

तेव्हापासून सुमनताईंची पद्धत बदलली. सकाळी खडू हातात घेतला, की त्या आधी स्वतःलाच विचारत, "रंभा आल्यावर काय उरलं पाहिजे?" ते पहिल्या ओळीत जाई. त्याहून कमी महत्त्वाचे त्याखाली. विशेषणे पार तळाशी, रंभेच्या वाट्याला. मी तेव्हा किती हलका झालो, काय सांगू. लोक संध्याकाळी येत, दोन ओळी वाचत आणि कामाला लागत. मुलांना लस कधी टोचणार, पाणी कधी सुटणार, गाडीची वेळ कशी बदलली, हे गावाला माझ्याकडून कळू लागले.

वर्ष संपत आले. यशवंतरावांनी कळवले, की अमुक शनिवारी दुपारी ते काम बघायला येतील. नेमकी त्याच आठवड्यात पुन्हा भरती निघाली आणि कारखान्याचे प्रसिद्धी अधिकारी मालोजीराव यांनी मजकूर पाठवला. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात साहेबांची नावे, पदव्या आणि मालोजीरावांचे स्वतःचे नाव होते. शनिवारी आपणही येऊ, असा निरोपही होता.

"आहे तसंच उतरव," उद्धवराव म्हणाले. "साहेब येणार आहेत. त्यांची नावं वर नसली, तर ते तक्रार करतील."

"काका, नावं वर घातली तर वार खाली जाईल. मुरारी पुन्हा मंगळवारी जाईल."

"आणि नावं खाली घातलीस, तर फळा शाळेत जाईल."

शनिवारी सकाळी सुमनताईंनी खडू हातात घेऊन स्वतःला नेहमीचाच प्रश्न विचारला. मग त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिले, 'सोमवारी सकाळी आठ वाजता कारखान्यात कामगारभरती. नदीकडच्या फाटकाशी या. शाळेचा दाखला आणा.' साहेबांची नावे त्यांनी गाळली नाहीत. ठळक, टपोऱ्या अक्षरांत तळाशी लिहिली.

दुपारी यशवंतराव आले, मालोजीरावही आले. मालोजीराव वाकून आपले नाव शोधत होते. ते सापडले आणि तेवढ्यात नदीकडून रंभा आली. उद्धवरावांनी छत्री उगारली.

"राहू द्या," यशवंतराव म्हणाले. "तिचं काम तिला करू द्या."

रंभेने पाठ लावली आणि नेहमीसारखी निवांत घासत गेली. साहेब गेले, पदव्या गेल्या, मालोजीराव गेले. मालोजीरावांनी माझ्या पुसलेल्या तळावर बोट ठेवले. "माझं नाव होतं इथं," ते म्हणाले.

म्हशीमागून तानाबाई येत होत्या. त्यांनी रंभेच्या ओल्या, पांढऱ्या झालेल्या पाठीकडे बोट केले. "हितं हाय की, सायेब. आता गावभर फिरंल."

यशवंतराव तोंडावर रुमाल धरून हसले. मालोजीरावांनी बराच प्रयत्न केला, पण शेवटी तेही हसले. आपला धंदाच प्रसिद्धीचा, असे त्यांच्या मनात आले असावे.

मग यशवंतरावांनी वाटेने चाललेल्या गेनबांना थांबवून उरलेले वाचायला सांगितले. गेनबांनी अक्षर अक्षर जुळवत वाचले.

"काय कळलं?" यशवंतरावांनी विचारले.

"कळायचं काय ऱ्हायलंय?" गेनबा म्हणाले. "वैनी, मुरारीला दाखला हुडकाया लावा." आणि ते चालू लागले.

यशवंतरावांनी सुमनताईंना आणखी काहीच विचारले नाही. "झाली परीक्षा," एवढेच म्हणाले.

सोमवारी नदीकडच्या फाटकाशी रांग लागली. दाखला विसरलेला पिंपरीचा एकही नव्हता. ते पाहून मालोजीरावांनी पुढच्या सगळ्या सूचना सुमनताईंकडून लिहून घ्यायचे ठरवले आणि उद्धवरावांनी शाळेचे नाव पुन्हा काढले नाही. मुरारी मदतनीस म्हणून लागला. खंडेनवमीला कारखान्यात आपल्या यंत्राची पूजा करून तो थेट माझ्याकडे आला आणि माझ्या चौकटीवर झेंडूची माळ घालून गेला. दुपारी रंभेने ती खाल्ली. तिचाही मान होताच.

पुढे काचेच्या दाराची नवी पेटी आली आणि छापील वर्तमानपत्र तिच्यात लागू लागले. मी मागच्या अंगणात गेलो. माझ्यावर कुणी मिरच्या वाळवल्या, कुणी गोवऱ्या टेकवल्या. मला वाईट वाटले, पण फार काळ नाही. सुमनताईंनी वाचनालयात बातमी लिहिण्याचा रविवारचा वर्ग काढला आणि पहिल्याच दिवशी मला शोधून काढले. ज्योतीरामाने पुन्हा लेप दिला. विटेची पूड घालायला तो विसरला नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतला फळा कोरड्या फडक्याने पुसा. त्याला तेल लावू नका, खिळ्याने ओरखडू नका. त्याच्यावर काही लिहाल, तेव्हा दुसऱ्याला ज्याची गरज आहे ते आधी लिहा आणि स्वतःचे नाव शेवटी. हा माझा शेवटचा परिच्छेद आहे. म्हैस आली, तर आधी हाच जाईल. खुशाल जाऊ द्या. मुख्य ते मी वर सांगून ठेवले आहे.