शेडमधला हीटर

नेव्हिल ट्रेलोरच्या घरात नियम एकच होता: घराच्या आत डोकी मोजायची नाहीत. कोण कुणाच्या बाजूचा, कोण फुटणार, कुणाला फोडायचं, हे सगळं घराबाहेर. जेवायच्या टेबलावर तर त्यातलं नावसुद्धा काढायचं नाही. नियम केला होता पिप लोनर्गननं, ती पंतप्रधान व्हायच्या कितीतरी आधी, तिघं नुकतीच खासदार होऊन कॅनबेराला आली होती तेव्हा. अधिवेशन असलं की घरदार सोडून इथं येऊन राहायचं, हॉटेलातलं ते बेचव खायचं आणि भिंतींकडे बघत झोपायचं, याला कंटाळून नेव्हिलनं नॅरबंडा या तिथल्याच उपनगरात हे लाल विटांचं बसकं घर घेतलं. एक खोली पिपला दिली, एक कोस्टा माव्हरोसला. तिघं एकाच पक्षाची, त्यामुळे भांडणं व्हायची ती भांडी कुणी घासायची यावरून.

आता पिप सरकारी बंगल्यात राहत होती. कोस्टा तिचा अर्थमंत्री होता आणि अजून याच घरात, मधल्या खोलीत. नेव्हिल मात्र होता तिथंच होता, संसदेत सगळ्यात मागच्या बाकावर. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मंत्री झाला असता तर शनिवारी गावच्या मैदानावर फुटबॉल बघायला आणि सॉसेजेस भाजायला वेळ कुठून मिळाला असता?

जुलैतल्या, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या रविवारी दुपारी तो विमानतळावरून आला तो नेहमीसारखा बर्फपेटी घेऊन. पेटीत थेल्माच्या पेस्टी, मांस, बटाटा आणि सलगम भरून भाजलेल्या मोठाल्या करंज्या. थेल्मा ही त्याची बायको. तिकडे त्यांच्या गावाकडे, यॉर्क द्वीपकल्पावर, कॉर्निश लोकांची घरं फार, आणि त्यांच्या बायका पेस्टी करताना प्रत्येकाच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर पिठाचंच अक्षर चिकटवतात, म्हणजे कुणाची कुठली यावरून घरात महाभारत नको. थेल्मा एन, सी आणि पी अशी तीन अक्षरं घालायची. पिप बंगल्यावर राहायला गेली तरी पी काही बंद झाला नाही. ‘तिकडे तिला कोण घालतंय खायला,’ असं थेल्माचं म्हणणं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पेटी खाली ठेवून नेव्हिलनं खिडकीतून बघितलं, तर मागच्या अंगणातल्या शेडमध्ये दिवा लागलेला. गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे, मोडकी सायकल आणि त्यात दाटीवाटीनं उभे असलेले ओव्हरकोटातले खासदार. मधोमध कोस्टा, नेव्हिलचीच लोकरीची टोपी घालून.

 कोस्टा पिपच्या खुर्चीखाली सुरुंग लावतोय हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या देशालाच ठाऊक होतं. आमच्याकडे पंतप्रधान बदलायला निवडणूक लागत नाही. सत्ताधारी पक्षाचे खासदार एका खोलीत बसले, गुपचूप चिठ्ठ्या टाकल्या, की सकाळचा पंतप्रधान जेवणाच्या सुट्टीपर्यंत माजी झालेला असतो. मंगळवारी सकाळी ती चिठ्ठ्या टाकायची बैठक ठरली होती. पण इतकं होऊनही कोस्टानं घराचा नियम मोडला नव्हता. बंड करायचं ते थंडीत कुडकुडत, शेडमध्ये.

मागचं दार किलकिलं करून कोस्टानं आत डोकं घातलं. नाक लालभडक.

“नेव्ह, चहा मिळेल का रे? लोक गारठलेत. तो तुझा हीटर म्हणजे नुसता तमाशा आहे.”

“किती कप?”

कोस्टा जरा थांबला. “ते घरात कसं सांगू? तू आपली मोठी किटली भर.”

नेव्हिलला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. या माणसावर रागवावं तर कसं? पिपची आई गेली तेव्हा रात्रभर गाडी चालवून तिला घरी पोचवणारा हाच. आणि मंगळवारी तिला घालवणाराही हाच. त्याहून वाईट म्हणजे, नेव्हिलचं मतही यालाच जाणार होतं.

ते त्यानं सुखासुखी ठरवलं नव्हतं. सरकारनं नवा नियम केला होता की वृद्धाश्रमात रात्री नर्स हवीच. नियम चांगला, कोण नाही म्हणतंय? पण नेव्हिलच्या गावात रात्रीची नर्स आणायची कुठून? वृद्धाश्रम बंद व्हायची पाळी आली. ज्यांनी त्याला पोहायला शिकवलं, ज्यांनी त्याच्या आणि थेल्माच्या लग्नात केक केला, ती माणसं दोन तासांवरच्या शहरात परक्यांत जाऊन पडणार. तो तीन वेळा पिपकडे गेला. तिन्ही वेळा ती “बघते” म्हणाली, आणि तिसऱ्या वेळी तर ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली. पूर्वीची पिप अशी नव्हती. पूर्वीची पिप त्याला गाडीत घालून स्वतः गावी आली असती. कोस्टानं निदान मुदत वाढवून देतो असं तरी म्हटलं होतं.

किटली गॅसवर चढली आणि पुढचं दार वाजलं.

दारात पिप. जुना, कोपरावर झिजलेला कोट, पायात मेंढीच्या कातड्याचे बूट. रक्षकांना गाडीतच बसवून आली होती. नेव्हिलला ढकलूनच ती स्वयंपाकघरात आली, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि तिनं खिडकीबाहेर बघितलं.

“शेड भरलेली दिसते.”

नेव्हिलनं किटलीखालचा गॅस बारीक केला.

“हीटर चालतो का?”

“एका वेळी एका गुडघ्यापुरता.”

“माझ्या वेळीही तसाच होता,” पिप म्हणाली. तिच्या आधीच्या पंतप्रधानाला घरी पाठवायचं ठरलं ते याच शेडमध्ये. तेव्हा मध्ये पिप उभी होती आणि चहाच्या फेऱ्या कोस्टा मारत होता.

नेव्हिलनं पी अक्षराची पेस्टी गरम करून तिच्यापुढे ठेवली. ती हातानंच खायला लागली, कागदात धरून, गावाकडच्यासारखी. डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिला असं भुकेल्यासारखं खाताना बघून नेव्हिलला भडभडून आलं. वाटलं, हिला इथंच झोपवावं, पांघरूण घालावं आणि मंगळवार टळून गेल्यावर उठवावं.

“नेव्ह, एक मागायला आलेय. मंगळवारी माझ्याबरोबर चालशील?”

हे चालणं म्हणजे काय ते नेव्हिलला सांगायला नको होतं. बैठकीच्या दिवशी नेता आपल्या खोलीतून निघतो आणि लांबच लांब कॉरिडॉरमधून चालत जातो. दोन्ही बाजूंना कॅमेरे. कोण शेजारी आहे, कोण दोन पावलं मागे आहे, कोण आलाच नाही, सगळा देश टीव्हीवर बघतो.

“चालेन की,” नेव्हिल म्हणाला. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.  “पिप, पण मला तुला एक...”

“घरात नाही.” तिनं हात वर केला. “नियम आहे.”

नेव्हिलला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

पिप उठली. कपाटातून तिनंच बिस्किटांचा पुडा काढला आणि किटलीशेजारी ठेवला. “हे पण ने त्यांना. भुकेली माणसं नको तिथं मत देतात.” दारापर्यंत गेली, वळली. “थेल्माला सांग, सलगम जास्त झालंय.”

रात्रीच्या फोनवर थेल्मानं सलगमचं ऐकून घेतलं आणि मग बाकीचं ऐकलं.

“मत तुला पटेल त्याला दे,” ती म्हणाली. “पण तिला ते दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस. तोंडावर सांग.”

“सांगणारच होतो.”

“तू भित्रा नाहीस, नेव्हिल. तू नुसता उशीर करतोस.”

सोमवारी तो पिपच्या कचेरीत जाऊन बसला. आत माणसं जात होती, बाहेर येत होती, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिच्या सेक्रेटरीनं त्याला कॉफी दिली, पुन्हा दिली आणि संध्याकाळी सांगितलं की आज काही जमणार नाही. तो मुकाट्यानं घरी आला. उशीर होत होता खरा.

मंगळवारी सकाळी तो पिपच्या दारात पोचला तेव्हा तिच्याबरोबर चालायला आलेले लोक त्यानं बघितले. मोजायलाही नकोत इतके थोडे. शिक्षणमंत्र्याची दाढ अचानक दुखायला लागली होती. संरक्षणमंत्री परस्पर तिकडेच येणार होते. परवापर्यंत तिच्या पुढेमागे नाचणारी ही माणसं. नेव्हिलला शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण कुठल्या तोंडानं देणार?

पिपनं गर्द निळा कोट घातला होता आणि चेहऱ्यावर ते कॅमेऱ्यासाठीचं हसू. “चल,” ती म्हणाली आणि नेव्हिलच्या कोपरात हात घातला.

दार उघडलं. पुढे लख्ख उजेड, कॅमेऱ्यांचा कडकडाट, पत्रकारांची ओरड. त्या गोंगाटात तिच्याखेरीज कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात नेव्हिल म्हणाला, “पिप, माझं मत कोस्टाला आहे.”

तिची पावलं थांबली नाहीत. पण त्याच्या कोपरावरची बोटं एकदम आवळली गेली.

“हसत राहा,” ती ओठ न हलवता म्हणाली. “कॅमेरे आहेत. वृद्धाश्रमामुळे?”

“हो.”

“आधी का नाही बोललास?”

“तू म्हणालीस घरात नाही.”

“मग अंगण होतं ना, गाढवा.”

दोघं चालत राहिली. तिनं एका कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. “आणि मत त्याला देणार, तर माझ्याबरोबर कशाला चालतोयस?”

“तू चल म्हणालीस म्हणून. मत पक्षाचं आहे. चालणं आपलं आहे.”

 तिनं हात काढून घेतला नाही. समोरून कोस्टा आपल्या माणसांचा घोळका घेऊन आला आणि पिपच्या हातात नेव्हिलचा हात बघून त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बिचाऱ्याला वाटलं, आपल्याच घरातलं मत गेलं.

ते गेलं नव्हतं. नेव्हिलनं चिठ्ठीवर कोस्टाचं नाव लिहिलं. निकाल लागला. कोस्टा जिंकला. पिप उभी राहिली, चार वाक्यं नीटसपणे बोलली, सगळ्यांचे आभार मानले. खोलीभर तिची नजर फिरली, फक्त नेव्हिलवर आली नाही.

आठवड्याभरात कोस्टा सामान बांधून सरकारी बंगल्यावर गेला. निघताना मधल्या खोलीच्या दारात घुटमळला.

“नेव्ह, ही खोली भाड्यानं बिड्यानं देऊ नकोस हां. आणि थेल्माला सांग, माझं अक्षर बंद करू नको म्हणावं.”

“पिपचं कुठं केलंय?” नेव्हिल म्हणाला.

पण पिप येईना. खासदार ती अजून होतीच, मागच्याच बाकावर, नेव्हिलपासून चार माणसं सोडून. अधिवेशनाला यायची आणि हॉटेलात उतरायची. समोर आली तर मान हलवायची, बास. नेव्हिल दर खेपेला तिच्या खोलीतली चादर बदलायचा आणि दर खेपेला तिच्या अक्षराची पेस्टी तशीच फ्रीजरमध्ये जायची. शेवटी फ्रीजरचं दार लागेना. आपण बरोबर केलं असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खरंही होतं, पण रिकाम्या टेबलावर एकट्यानं जेवताना त्या खरेपणाचा काही उपयोग व्हायचा नाही.

सप्टेंबर आला. रस्त्याकडेची वॉटलची झाडं वसंतातल्या फुलांनी पिवळीजर्द झाली. एका रविवारी दुपारी पुढचं दार वाजलं आणि दारात पिप. हातात बॅग, अंगात तोच झिजलेला कोट.

“हॉटेलात टोस्ट कसला देतात माहितेय? ओला पुठ्ठा.”

नेव्हिलनं दार सताड उघडलं.

“मी अजून रागावलेय,” ती म्हणाली.

“हो.”

“बरेच दिवस रागावणार आहे.”

“खोली तयार आहे,” नेव्हिल म्हणाला. मग उशीर करायचा नाही असं ठरवून त्यानं पुढचंही बोलून टाकलं. “पिप, तू नव्हतीस तर मला करमत नव्हतं गं.”

 तिचे डोळे भरून आले तशी ती बॅग त्याच्या हातात कोंबून आत गेली. तिनं फ्रीजर उघडला. आतून सगळ्या पी-वाल्या पेस्टी तिच्याकडे बघत होत्या.  मग एक काढून तिनं ओव्हनमध्ये ठेवली, जरा विचार करून दुसरीही ठेवली.

 शेवटचा घास संपल्यावर तिनं विचारलं, “तुझ्या वृद्धाश्रमाचं काय झालं?”

“अजून चालू आहे. नाताळपर्यंत मुदत दिलीय. कोस्टा म्हणतो, बघतो.”

“कितीदा म्हणाला?”

नेव्हिलनं मान खाली घातली. “दोनदा.”

पिप हसली. कॅमेऱ्यासाठीचं नव्हे, भांडी घासण्यावरून भांडायची तेव्हाचं. उठून तिनं आपली ताटली सिंकमध्ये ठेवली आणि खिडकीशी जाऊन मागच्या अंगणाकडे बघत राहिली.

“नेव्ह.”

“काय?”

“या खेपेला तो हीटर दुरुस्त करून घे.”