पाठ न दुखणारं दुकान

"झोपून दाखवा की," गिऱ्हाईक म्हणालं, म्हणून गादीवाली बाई झोपली.

त्यात नवीन काही नव्हतं. नवरा गेल्यापासून दिराबरोबर तीच दुकान चालवत होती, आणि नवी गादी स्वतः आडवं होऊन दाखवायची ही सासऱ्यांपासूनची रीत. आडवं व्हायचं, एकदा कूस बदलायची आणि टुणकन उठायचं. आज आडवं होणं झालं, कूस बदलणं झालं, पण उठणं काही होईना. कमरेत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय हो, उठवत नाही का?"

"उठावंसंच वाटत नाहीये," ती छताकडे बघत म्हणाली. "अशी गादी आहे."

गिऱ्हाईक खूश होऊन दोन गाद्या घेऊन गेलं. ते वळणाआड झाल्यावर दीर आणि मामा धावत आले आणि दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

मामा म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. ते, ती, आणखी दोघं, सगळे जमिनीवर बसून, गादीवर ओणवं होऊन दाभणाने टाके घालत. दिवसभर ओणवं. आणि सासऱ्यांचा कडक नियम असा, की या दुकानात कोणाची पाठ दुखत नाही. गादीवालाच कंबर धरून बसला तर गादी घेणार कोण? तेव्हा दुखलं तर मागे कापसाच्या खोलीत जायचं, काय कण्हायचं ते कण्हायचं आणि हसत बाहेर यायचं. तिने वर्षानुवर्षं तेच केलं. कोणी ओळखू नये म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर गाठला, गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, इंजेक्शनं झाली. त्या हसण्याचाच तिला आता संताप येत होता.

डॉक्टरांनी तिच्या कमरेचा फोटो उजेडावर धरला. "या दोन मणक्यांमधली गादी पार झिजलीये."

ती खो खो हसली. "माझीच बदलायची राहिली होती म्हणायची."

"बदलता येते," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "एक तर हे दोन मणके स्क्रूने जोडून टाकू, मग तिथली हालचालच बंद. नाहीतर झिजलेली गादी काढून कृत्रिम बसवू. धातूच्या दोन चकत्या, मधे प्लास्टिक. हालचाल शाबूत राहते. सगळ्यांना चालत नाही, पण तुमच्या मणक्यांचे मागचे सांधे चांगले आहेत."

"दुखणं जाईल?"

"बरंच कमी होईल. पूर्ण जाईल असा शब्द देत नाही. आणि ऑपरेशन पोटाकडून करावं लागतं."

"दुखतं मागे आणि चिरणार पुढे?"

"पुढून गेलं की पाठीचे स्नायू वाचतात. नंतर मात्र खाली वाकून शिवणं विसरायचं."

"शिवणं विसरायचं की वाकणं?"

"वाकणं."

"मग चालेल," ती म्हणाली.

दिराचा ऑपरेशनला विरोध नव्हता. त्याला बोभाटा नको होता. "वहिनी, तुम्ही बहिणीकडे गेलात असं सांगतो सगळ्यांना."

"मला बहीण नाही."

"लोकांना काय माहीत? आणि आल्यावर आता पुढे बसू नका. मागच्या खोलीत आराम करा. दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे."

"भाऊजी, माझी कंबर याच दुकानाने खाल्ली," ती म्हणाली. "मी काय चोरी केलीये का लपून बसायला? मी पुढेच बसणार आणि शिवणार."

दिराने नुसती मान हलवली, पण त्याने ऐकलं नाही हे तिला कळलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिला उभं केलं. पोट ओढत होतं, पाय लटपटत होते, आणि नर्स "छान, छान" म्हणत होती त्याचा तिला भयंकर राग आला. पण ती जुनी, श्वास अडकवणारी कळ आली नाही. पुढे घरी गेल्यावर सकाळी कंबर ठणकायची, अजून ठणकते. ती मोठ्याने सांगायची, "आज ठणकतेय." सांगता येण्यातच तिला अर्धा आराम वाटे.

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी ती दुकानात गेली. आधी सुताराकडे तयार असलेलं एक लांबरुंद टेबल आणवलं आणि ते कमरेइतकं यावं म्हणून चारही पायांखाली विटा रचून घेतल्या.

"टेबलावर गादी शिवलेली कुणी बघितलीये का?" दीर म्हणाला.

"आता बघा."

तेवढ्यात एक नेहमीचे गृहस्थ आले. "बरेच दिवस दिसला नाहीत?"

"बहिणीकडे..." दिराने सुरुवात केली.

"ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "मणक्यांमधली गादी झिजली होती, नवी बसवली. इथेच वाकून वाकून झिजली."

गृहस्थांनी रचलेल्या गाद्यांकडे संशयाने पाहिलं. "म्हणजे या गाद्या..."

"गाद्या उत्तम आहेत. पण त्यांच्यावर झोपता तुम्ही. आम्ही वाकतो."

दिराने डोळे मिटून घेतले. ती मामांकडे वळली. "मामा, उठा. इथे उभं राहून शिवा."

"मला काय झालंय? मी ठणठणीत आहे."

"उठून तरी बघा."

मामा भिंतीला धरून उठले. उठले तरी अर्धे वाकलेलेच राहिले. इतकी वर्षं ते बसलेलेच दिसायचे, त्यामुळे हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"दुखतं का, मामा?"

मामांनी दिराकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून दुखतं," ते म्हणाले.

मामा टेबलाशी आले, पण त्यांच्या वाकलेल्या अंगाला ते छातीपर्यंत लागत होतं. दाभण धरलेला हात वर पोचेना.

"भाऊजी," ती म्हणाली, "विटा काढा."

"मग तुम्हाला ते बुटकं पडेल."

"मी माझं दुसरं करून घेईन."

दीर गिऱ्हाइकादेखत गुडघ्यांवर बसला. गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली, टेबलाची एक बाजू उचलून धरली, आणि दिराने पहिली वीट ओढली.