मायलेजला न विचारता घेतलेली गाडी

नात्यात कुणालाही गाडी घ्यायची असली की पहिला फोन मायलेजला जायचा. हे नाव त्याला मेहुणीने दिलं होतं, कारण कुठल्याही गाडीचा विषय निघाला की हा गृहस्थ आधी "मायलेज किती?" असं विचारायचा. तो एका शाळेत विज्ञान शिकवायचा. पण पेट्रोल घ्यावी की डिझेल, नवी घ्यावी की जुनी, विमा उतरवताना कुठे फसवतात, हे तो वर्गातल्या धड्यांपेक्षा जास्त रंगून शिकवायचा. सुट्टीच्या दिवशी लोक त्याला जुनी गाडी बघायला घेऊन जायचे. तो बॉनेट उघडायचा, ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसायचा, दाराचं रबर मागे ओढून आतला रंग बघायचा. विकणाऱ्याचा जीव वरखाली व्हायचा आणि घेणारा मायलेजकडे अशा भक्तिभावाने बघायचा की त्या नजरेसाठी तो शहराच्या दुसऱ्या टोकालाही गेला असता. जायचाच.

त्याची स्वतःची गाडी मात्र छोटी, राखाडी आणि जुनी होती. एसी मनात आलं तर चालायचा.

एका रविवारी सकाळी खाली हॉर्न वाजला. बायकोने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि ओरडली, "अहो, धाकटीचं कुटुंब! नवीन गाडी घेऊन!"

धाकटी म्हणजे मेहुणी. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस हसरा, बोलका. गिऱ्हाइकाला दोन चष्मे विकून वर चहा पाजणारा. मायलेज जिना उतरून खाली आला तेव्हा साडू किल्ली बोटावर फिरवत उभा होता. गाडी गडद निळी, ऐसपैस होती. नवी कोरी नव्हती, पण नव्यासारखी चकाकत होती.

"पहिल्या मालकाने फारशी चालवलीच नाही," साडू म्हणाला. "वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली. दुकानात एक गिऱ्हाईक येतात, त्यांनी दाखवली. मी म्हटलं, घेऊनच टाकू."

"मला सांगितलं नाहीत," मायलेज म्हणाला. हसत म्हणायचं ठरवलं होतं, पण हसू काही आलं नाही.

"तुम्हाला कशाला उगाच त्रास भाऊजी! आणि हल्ली सगळं मोबाईलवर कळतंच की."

त्रास! मायलेजला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. तो गाडीभोवती फिरला. पत्रा सरळ होता. रंग मूळचा होता. इंजिनचा आवाज ऐकला, तोही स्वच्छ. खोट सापडेना तसा त्याचा जीव आणखीच जळायला लागला. शेवटी तो मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसला, आणि तिथे त्याला सापडलं.

टायरची नक्षी खोल होती, वरवर बघणाऱ्याला नवा वाटावा असा टायर. पण नक्षीच्या खाचांत आणि बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. त्याने टायरवरचे आकडे वाचले. कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी टायर बनला ते तिथे छापलेलं असतं. टायर गाडीइतकेच जुने होते. गाडी उभी राहिली तरी रबराचं वय थांबत नाही. ते आतून सुकत जातं, आणि लांबच्या प्रवासात, उन्हात, वेगात, एका क्षणी फुटतं.

त्याने बोलायला तोंड उघडलं.

"ताई, बघा हं," वरून साडूचा आवाज आला, "भाऊजी आता खोट काढणार! त्याशिवाय त्यांना चहा जायचा नाही."

मेहुणी खळखळून हसली. साडू हसला. आणि मायलेजची बायकोही हसली, अगदी तोंडाला पदर लावून.

मायलेज उठला. गुडघे झटकले.

"छान आहे गाडी," तो म्हणाला.

त्यानंतर घरात त्या गाडीशिवाय विषय नव्हता. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. पाऊस असला की मेहुणी येताजाता तिला गाडीतून घरी सोडायची, आणि घरात पाय टाकताच हिची सुरुवात: "सीट कसली मऊ आहे! खड्डा कळत नाही हो." किंवा, "आत इतकं शांत असतं, कुजबुजलं तरी ऐकू येतं." मायलेज पेपर तपासत असायचा. एखाद्या बिचाऱ्या मुलाचा अर्धा गुण तेवढ्यात जायचा.

टायरचं सांगावं असं त्याला दर दोन दिवसांनी वाटायचं. पण लगेच आतून उत्तर यायचं: विचारलंय का कुणी? आणि ते जातात कुठे, घर ते दुकान. तेवढ्याने काय होतंय? खरं सांगायचं तर त्याच्या मनात एक छोटीशी, गोड इच्छा होती. एक दिवस भर रस्त्यात चाक बसावं, कुणाला काही होऊ नये, फक्त चाक बसावं. साडूने घाम पुसत फोन करावा आणि म्हणावं, भाऊजी, तुम्हाला विचारायला हवं होतं.

मग मामांचं निघालं. दोघी बहिणींचे मामा दुसऱ्या शहरात राहायचे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते नुकतेच घरी आले होते. सासूबाईंना भावाला बघायची घाई झाली होती.

"सगळे आपल्या गाडीतून जाऊ," साडू म्हणाला. "पाच जण आरामात मावतो."

"मला लवकर परतायचंय. मी माझी आणतो," मायलेज म्हणाला. लवकर परतायचं काही कारण नव्हतं.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. "मग मी आईबरोबर बसू? तेवढ्याच गप्पा होतील."

"बस की. मी कुठे नको म्हणतोय?"

निघताना तो साडूला एवढंच म्हणाला, "चाकांत हवा बघून घ्या हं." साडूने अंगठा वर केला. मायलेजने स्वतःची समजूत घातली की आपण सुचवलं. बायको निळ्या गाडीत मागे बसली आणि पर्समधून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. तो चष्मा साडूच्याच दुकानातला होता. मायलेजच्या गाडीत तिने तो कधी लावला नव्हता.

महामार्ग लागला. ऊन चांगलंच तापलं होतं आणि राखाडी गाडीच्या एसीने नेमका तोच दिवस रुसायला निवडला होता. खिडक्या उघड्या टाकून, घामाने चिकटलेला सदरा पाठीवरून सोडवत मायलेज मागून येत होता. पुढच्या गाडीच्या काचेतून त्याला बायकोचं डोकं दिसत होतं. ती हसताना मान मागे टाकत होती. इतकं हसण्यासारखं तो चष्मेवाला बोलतो तरी काय? आपल्याबरोबर असली की ही अर्ध्या वाटेत झोपून जाते.

टोलनाक्यावर दोन रांगा होत्या. मायलेज डावीकडच्या रांगेत शिरला आणि योगायोगाने निळ्या गाडीच्या जरा मागे, अगदी शेजारी येऊन थांबला. त्याची नजर सवयीने चाकावर गेली. मागच्या डाव्या टायरच्या भिंतीला फुगा आला होता. चांगला मुठीएवढा.

त्याने हॉर्न दाबला, हात बाहेर काढून हलवला. आतून बायकोनेही हसून हात हलवला. तेवढ्यात तिकडचा दांडा वर गेला आणि निळी गाडी सुटली.

त्याने बायकोला फोन लावला. वाजत राहिला, पर्समध्ये असणार. मेहुणीला लावला, तोही उचलला नाही. मग त्याने फोन टाकला आणि अॅक्सिलरेटर दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मायलेजचा विचार केला नाही. राखाडी गाडी थरथरत, कण्हत पुढे गेली. जवळ पोचल्यावर त्याने दिवे उघडमीट केले, हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

साडूने आरशात पाहिलं असावं. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, या, या, असं खुणावलं, आणि गाडी सुसाट सोडली.

त्याला वाटलं होतं, भाऊजी शर्यत लावतायत.

मायलेजने पुन्हा वेग वाढवला. निळी गाडी आणखी पुढे. हा जितका पळत होता तितकी ती पळत होती, आणि स्वतः त्या गाडीत न बसून त्याने फुग्यावरचा एका माणसाचा भार कमी केला होता, एवढंच काय ते त्याचं पुण्य. तिथे त्याला उमगलं की आपणच त्यांना पळवतोय. या माणसाला आपण कधी मोकळ्या मनाने हाक मारली असती, तर आज त्याला हा हॉर्नही हाक वाटला असता.

त्याने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. सासूबाईंचा मोबाईल प्रवासात कायम त्यांच्या हातातच असतो हे त्याला आठवलं. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"आई," तो म्हणाला, "धाकट्या जावयांना सांगा, माझी गाडी बंद पडलीय. त्यांना म्हणावं, हळूहळू वेग कमी करा आणि कडेला थांबा. एकदम ब्रेक मारू नका म्हणावं."

"अगंबाई! बंद पडली?" सासूबाई म्हणाल्या आणि निरोप जसाच्या तसा पुढे सांगितला. मागे साडूचं हसणं फोनमधून स्पष्ट ऐकू आलं. "मायलेजची गाडी बंद पडली! थांबा थांबा, थांबतोच मी!"

एरवी हे हसणं ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. आता त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. हसण्याबरोबर इंजिनचा आवाज उतरत गेला, मग चाकांखाली खडी वाजली, मग सासूबाई म्हणाल्या, "थांबलो बाबा." तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

तो पोचला तेव्हा सगळे गाडीबाहेर सावलीला उभे होते.

"अरेच्चा! बंद पडली होती ना?" साडू म्हणाला.

मायलेज सरळ चाकाशी जाऊन उभा राहिला आणि बोट दाखवलं. साडू वाकला. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. आता फुगा टोलनाक्यावर होता त्याहून मोठा झाला होता आणि चिरेतून आतला दोरा दिसत होता. सासूबाई मटकन दगडावर बसल्या.

"भाऊजी," साडू म्हणाला, "तुम्ही आज..." आणि त्याने मायलेजचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मायलेजला तो हात सोडवून घ्यावासा वाटत होता.

दोघांनी मिळून जॅक लावला आणि डिकीतलं चाक बसवलं. तेही तितकंच जुनं होतं, पण त्याला उन्हाचा आणि रस्त्याचा त्रास झाला नव्हता. पुढच्या गावापर्यंत अगदी सावकाश जायचं आणि चारही टायर बदलायचे असं ठरलं. निघताना बायको राखाडी गाडीपाशी आली. काळा चष्मा तिने काढला होता.

"फुगा टोलनाक्यावर दिसला ना तुम्हाला?"

"हो."

"आणि टायर जुने आहेत ते?"

मायलेज हाताला लागलेलं काळं पुसायला लागला.

"त्या रविवारी तुम्ही याच चाकाशी बसला होतात. मग 'छान आहे' म्हणालात. तुम्ही कुठल्या गाडीला पहिल्या दिवशी छान म्हणता हो? मला तेव्हाच नवल वाटलं होतं."

"तुम्ही सगळे हसलात," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते शाळेतल्या पोरासारखं वाटलं.

"हसलो. चुकलंच." तिने चष्मा पर्समध्ये टाकला. "पण आज सकाळी मी त्या गाडीत बसत होते. माझी आई बसत होती. आणि तुम्ही बसू दिलंत."

ती राखाडी गाडीत, त्याच्या शेजारी येऊन बसली, पण पुढच्या गावापर्यंत एक शब्द बोलली नाही.

नवे टायर घालून ते मामांकडे पोचले तेव्हा दुपार कलली होती. मामा काठी धरून बैठकीत चार पावलं चालून दाखवत होते, शेजारीपाजारी जमले होते. चहा आला आणि साडूने गोष्ट सुरू केली. पहिल्यांदा त्यात भाऊजी होते. शेजारी बदलले, दुसऱ्यांदा गोष्ट झाली, तेव्हा साडूला स्टिअरिंगमध्ये आधीच काहीतरी जाणवलं होतं. तिसऱ्या वेळी तो अंगणात उभा राहून एकाच्या गाडीच्या टायरवरचे आकडे वाचून दाखवत होता. "हे बघा, हे वर्ष. नक्षीवर जाऊ नका, वय बघा, वय!" आणि दोघे-तिघे त्याच्याकडे तशाच भक्तिभावाने बघत होते.

मायलेज दारात उभा होता. ते आकडे वाचायला साडूला आज त्यानेच शिकवलं होतं. तो पुढे झाला, आणि मागून बायकोची नजर आपल्यावर आहे हे त्याला जाणवलं. मला ठाऊक होतं, असं म्हणावं तर कधीपासून ठाऊक होतं तेही सांगावं लागणार. ते त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं, आणि तिने ते कुणाला सांगितलंही नव्हतं. तो परत फिरला आणि मामांशेजारी जाऊन बसला.

परतताना बायको न विचारता राखाडी गाडीत बसली. पुढे निळी गाडी नव्या चाकांवर मुलायम चालली होती.

"यापुढे दिसलं की बोलायचं," ती म्हणाली. "कुणी विचारो, न विचारो. हसोत की."

"हो," तो म्हणाला. मग, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, त्याने प्रथमच ते तोंडाने उच्चारलं. "मला त्याचा हेवा वाटतो गं. आत्ताही वाटतोय."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि समोरच्या ट्रकचा धूर आत येत होता म्हणून काच वर करायला लागली.