छताकडे बघणारे पेशंट

सोनोग्राफी म्हटलं की तुम्हाला बाळच आठवत असेल, मित्रांनो. मी मात्र आजवर एकही बाळ पाहिलेलं नाही. मी पुरुषांच्या ओटीपोटाचा तळ पाहणारी मशीन आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. कारखान्यात माझ्याबरोबर तयार झालेल्या बहिणी प्रसूती विभागात गेल्या. तिथे म्हणे आज्या, मावश्या, आत्या पडद्याभोवती गर्दी करतात. माझ्या वाट्याला जिन्याखालची खोली आली आणि छताकडे बघत पडून राहणारे पुरुष आले.

मूत्राशयाच्या खाली स्नायूंची एक झोळी असते. ती वर ओढली गेली की लघवी थांबते. पुरुषांमध्ये या झोळीतला कोणता स्नायू कुठून निघतो आणि कुठल्या बाजूला ओढतो, याचा अभ्यास आमच्या डॉक्टरीणबाई करत होत्या. त्या जेल लावून माझा प्रोब, म्हणजे वायरला जोडलेली मूठ, पेशंटच्या मांड्यांमध्ये टेकवत. मी माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायची आणि परत आलेल्या आवाजावरून चित्र काढायची. लाजेने लाल झालेले पुरुष छताकडे बघत राहत. काम झालं की कपडे सावरून निघून जात. “चित्र छान येतंय हं,” असं बाई कधीमधी म्हणत, तेवढंच माझं कौतुक.

एकदा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक गृहस्थ आले. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्यांना लघवी धरवत नव्हती. जोरात फुंकलं की पँट ओली व्हायची. त्यांनी बँड सोडला होता आणि घरात बायकोशी बोलणंही जवळजवळ सोडलं होतं.

“लघवी मध्येच थांबवतो ना, तसं आवळा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पोट दगडासारखं घट्ट केलं. पडद्यावर मूत्राशय सपकन खाली गेलं. जायला हवं होतं वर.

“अहो, हे काय करताय?”

“वरचा सूर लावताना करतो तेच. जोर म्हटलं की मला एवढंच येतं.”

“जोर नकोच. श्वास सोडा, पोट सैल ठेवा आणि आतून हळूच वर घ्या. छताकडे नको, इकडे बघा.”

पहिल्यांदाच एका पेशंटने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर त्या झोळीची करडी रेघ दाण्याएवढी वर सरकली. “हे मी केलं?” त्यांनी विचारलं. त्यानंतर ते दर आठवड्याला येत राहिले. खरं सांगते, मी त्यांची वाट बघू लागले होते.

शेवटच्या खेपेला ते ट्रम्पेटच घेऊन आले. उभ्याउभ्या तपासायचं ठरलं. आधी रेघ सरकली, मग सूर लागला. मूत्राशय जागचं हललं नाही. सूर बाहेरच्या बोळापर्यंत घुमला आणि धाडकन दार उघडून त्यांची बायको आत आली. नवरा ट्रम्पेट घेऊन गुपचूप कुठे निघाला, म्हणून ती मागोमाग आली होती. त्यांनी घाईघाईने चादर गुंडाळली. बाईंनी तिला पडदा दाखवून सगळं समजावलं.

“मला सांगायचं तरी,” ती म्हणाली.

“लाज वाटली गं.”

“तुम्हाला लाज वाटली, आणि मी वर्षभर समजत राहिले की मी तुम्हाला नकोशी झाले.”

ते तिचा हात धरून गेले ते पुन्हा आले नाहीत. बरा झालेला माणूस कशाला येईल? पुढे बाईंचा अभ्यास संपला, वरच्या मजल्यावर नवी मशीन आली आणि मला कापड टाकून इथेच कोपऱ्यात ढकलून दिलं. आता ही खोली कुणी उघडत नाही. फार एकटं वाटतं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वायर नीट गुंडाळून ठेवा. मी अजून कुणाच्या तरी कामी येईन. पण त्याआधी घरातल्या माणसांकडे बघा. कुणी अचानक गप्प झालं, बाहेर जायचं टाळू लागलं, तर रागावलंय असं समजून लांब राहू नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा. लाज वाटते म्हणालं, तरी उठून जाऊ नका.