दोन मंडळांचं सोनं

मोहनने ब्रेक असा काही दाबला की शरयूच्या मांडीवरचा चिंचेच्या चटणीचा डबा उडाला, डॅशबोर्डवर आपटला, आणि झाकण एकीकडे, डबा एकीकडे झाला. चटणी सावकाश ओघळत मंडळाच्या फायलीवर आली.

"अरे, चटणी!"

मोहनचं चटणीकडे लक्षच नव्हतं. पिकनिकच्या तळ्याकाठी, पार्किंगमध्ये समोर एक तपकिरी स्टेशन वॅगन उभी होती. तिचं एक दार हिरवं होतं. भंगारातून स्वस्तात आणलेलं हिरवं दार मिरवत हिंडणारा माणूस अख्ख्या सॅक्रमेंटोत एकच होता.

"रवी इथे काय करतोय?"

"तू करतोयस तेच," शरयू टिश्यूने फाईल पुसत म्हणाली.

"पण त्यांचा दसरा गेल्या शनिवारी होता!"

"आपलाही गेल्याच शनिवारी होता. त्यांचा आहे कळल्यावर तू पुढे ढकललास."

मोहनने चावी फिरवून गाडी बंद केली. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे त्यांनाही आपलं कळलं?"

खरा दसरा मधल्या मंगळवारी येऊन गेला होता. पण मंगळवारी ऑफिस असतं, त्यामुळे रावणाला शनिवारपर्यंत थांबावं लागायचं.

सॅक्रमेंटोत मराठी घरं चौदा आणि मंडळं दोन. तीन वर्षांपूर्वी एकच मंडळ होतं. त्याचा गणपती पितळेचा, पुण्याहून मोहनच्या मांडीवर बसून विमानाने आलेला. दरवर्षी त्याला बादलीत तीन बुचकळ्या मारायच्या, टॉवेलने पुसायचं आणि खोक्यात घालून पुढच्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवायचं. कुणाच्या, यावरून मंडळ फुटलं. मोहनचं म्हणणं, रवीच्या गॅरेजला इन्सुलेशन नाही. रवीचं म्हणणं, मोहनचं गॅरेज म्हणजे काही देऊळ नाही. शेवटी गणपती रवीकडे राहिला आणि थर्माकोलचं मखर मोहनकडे. तेव्हापासून एका मंडळाचा गणपती उघड्यावर बसायचा, आणि दुसऱ्याच्या मखरात कॅलेंडरमधून कापलेला फोटो. लेकीकडे येऊन राहिलेले पंडितकाका तेवढे दोन्ही मंडळांचे सभासद होते, कारण जेवण दोन्हीकडे चांगलं असायचं.

शरयू लेकीला, सीमाला, कडेवर घेऊन उतरली आणि जागीच थांबली. तळ्याच्या बाजूला, कुलर उतरवत, संध्या उभी होती. रवीची बायको. वेणी तशीच, लांब. फक्त चष्मा नवा होता.

संध्याने वर पाहिलं. शरयूने मान हलवली की नाही, हे तिचं तिलाही नक्की कळलं नाही. तेवढ्यात मोहन म्हणाला, "चल," आणि ती चालायला लागली.

दोघींचं बोलणं थांबून तीन वर्षं झाली होती. सीमा तेव्हा महिन्याची होती आणि सांगलीहून तार आली होती, शरयूची आई गेल्याची. जाणं शक्यच नव्हतं. मोहन नुसता फोनपाशी बसून होता, लाईन लागत नव्हती. संध्या आली ती न विचारता आली. आठवडाभर राहिली. पिठलंभात केला, बाळाला न्हाऊ घातलं, आणि रोज सकाळी शरयूच्या मागे बसून तिचे केस विंचरले. बोलली जवळजवळ काहीच नाही. ती घरी परत गेली त्याच रविवारी गॅरेजची मीटिंग झाली. मग बोलणंच संपलं.

त्याबद्दल संध्याला काही म्हणायचं राहून गेलं होतं. काय म्हणायचं, हेही शरयूला धड माहीत नव्हतं. थँक यू तर टोलनाक्यावरच्या माणसालाही म्हणतात.

पिकनिकची ही जागा म्हणजे पूर्वी सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांचं गाव, पुन्हा हुबेहूब उभं केलेलं. खरं गाव म्हणे दोनदा जळालं होतं, म्हणून हे नवं जुनं गाव बांधलं. लोहाराच्या भात्याला वीज होती. सलूनच्या, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या, दारामागे कोकचं मशीन होतं, त्यावर गोणपाट टाकलेलं. लाकडी पन्हळीत पाणी सोडलेलं होतं आणि पोरं थाळ्यांत वाळू घोळून सोन्याचे कण शोधत होती. ते कण सकाळीच कुणीतरी टाकून गेलेलं असायचं.

तळ्याकाठी छप्पर असलेली जेवणाची जागा एकच. मोहन फाईल काढून पोचला तेव्हा तिथे रवी रुमाल टाकून बसलेला होता.

"ही जागा आम्ही बुक केलीय," मोहन म्हणाला.

"कुठे? दाखव."

मोहनने फाईल उघडली. पानं चिंचेने एकमेकांना चिकटली होती. तो ती सोडवायला लागला तसे त्यांचे तुकडे हातात यायला लागले.

"वा!" रवी म्हणाला. "मंडळाचा कारभार आंबटच!"

"आणि तुमचा? रुमाल टाकून जागा धरायला ही काय एस.टी. आहे?"

"तू मला एस.टी. शिकवू नकोस हं मोहन! कराडला माझ्याच रुमालावर बसायचास तू!"

आवाज चढले. भांडण छपराखालून निघालं आणि गावाच्या मुख्य रस्त्यावर आलं. दोन्ही मंडळं आपापल्या अध्यक्षामागे चालत होती. पन्हळीवरचे पर्यटक थाळ्या घेऊन बघायला आले. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग आहे.

तेव्हा तुरुंगातून शेरीफ, या गावाचा फौजदार, बाहेर आला. शेरीफ म्हणजे हॅरल्ड नावाचे रिटायर्ड डेंटिस्ट, दर शनिवारी हौसेने छातीवर पत्र्याचा तारा लावून फिरणारे. त्यांनी भांडणाचं कारण विचारलं. दोघांनी एकदम सांगितलं. हॅरल्डना फक्त जागेचं कळलं, आणि त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्याच्या जागेवर हक्क सांगणं हा त्या सोन्याच्या दिवसांतला सगळ्यांत मोठा गुन्हा! इतक्या वर्षांत असा अस्सल गुन्हा त्यांच्या हाती लागला नव्हता.

"यू आर बोथ अंडर अरेस्ट!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजल्यावर मोहन नाही म्हणू शकत नाही, हे शरयूला चांगलं ठाऊक होतं. रवीही तसलाच. दोघं छाती काढून तुरुंगात गेले. हॅरल्डनी गजांचं दार लावलं, वीतभर लांबीची काळी चावी फिरवली, बाहेरच्या खिळ्याला टांगली आणि पाच मिनिटांची शिक्षा सुनावली.

"मॉम! डॅड इज इन जेल!" संध्याचा मुलगा अमित उड्या मारत ओरडला. "कॅन वी कीप हिम देअर?"

पाच मिनिटं झाली. हॅरल्डनी खिळ्याकडे हात नेला. चावी नव्हती.

त्यांनी खिसे बघितले, टोपी बघितली. पोरांना रांगेत उभं करून विचारलं. दुसरी चावी मॅनेजरकडे, आणि मॅनेजर पर्यटकांची होडी घेऊन तळ्याच्या पलीकडे गेलेला. हॅरल्ड इतके ओशाळले की त्यांनी तारा काढून खिशात ठेवला आणि होडीला हाका मारायला धक्क्याकडे धावले.

"बघितलंस?" आतून मोहनचा आवाज आला. "तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? कागद चटणीत कुणी बुडवले?"

"आणि बाप्पाला थंडीत कुणी ठेवलं?"

"बाप्पा काय आंबा आहे नासायला? पितळेचा आहे तो!"

बाहेर दोन्ही मंडळांना भूक लागली होती. अध्यक्ष आत असल्यामुळे कुणाची भेळ कुठे ठेवायची हे ठरवणारं कुणी नव्हतं. तेव्हा पंडितकाकांनी कुरमुऱ्यांऐवजी आणलेल्या एका मंडळाच्या राइस क्रिस्पीजमध्ये दुसऱ्या मंडळाचा कांदा, बटाटा आणि चटणी ओतली आणि दोन्ही हातांनी भेळ कालवायला घेतली.

"काका, ते त्यांचं आहे," कुणीतरी म्हणालं.

"आता ओळखून दाखव," काका म्हणाले.

त्यांनी एक मोठी प्लेट भरून गजांमधून आत सरकवली. चमचा एकच होता. शरयूने खिडकीतून बघितलं. मोहनने एक घास खाल्ला, चमचा पँटला पुसला आणि न बघता रवीकडे दिला.

"तिखट कमी आहे," रवी म्हणाला.

"कराडच्या स्टँडवरची आठवते?"

शरयू खिडकीपासून बाजूला झाली. सीमा पंडितकाकांपाशी भेळ खात होती. ती एकटीच तळ्याकडे निघाली.

पाण्याच्या कडेला रेडबडचं झाड होतं. पानं पिवळी झाली होती, हृदयासारखी, टोकाशी किंचित खाच पडलेली. अमेरिकेतल्या त्यांच्या पहिल्या दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणायची म्हणून ती आणि संध्या दिवसभर हिंडल्या होत्या, आणि या झाडाशी थांबल्या होत्या. "हा आपट्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ असणार," संध्या तेव्हा म्हणाली होती. पिकनिक इथेच करू, असं या वर्षी मोहनला शरयूनेच सुचवलं होतं. रवीला कुणी सुचवलं असेल, हे तिला आत्ता झाडाखाली पोचल्यावर कळलं.

संध्या पाठमोरी उभी होती. पदराच्या ओच्यात पानं खुडत होती.

"वरची चांगली आहेत," शरयू म्हणाली.

संध्या वळली नाही. "माझा हात पोचत नाही."

शरयूने फांदी खाली ओढून धरली. संध्या पानं तोडत राहिली. तळ्यावर होडी पार पलीकडे होती, आणि हॅरल्ड धक्क्यावर उभे राहून टोपी हलवत होते. होडीतले लोकही त्यांना आनंदाने हात हलवत होते.

"संध्या, त्या आठवड्यात तू रोज माझी वेणी घालायचीस."

"हो. गुंता फार होता."

"मी तेव्हा काही..."

"तुझी आई घालायची तशी नव्हती ना ती?" संध्याने विचारलं. "मला तिची पद्धत माहीत नव्हती. मी आपली माझ्या आईची घातली."

शरयूच्या हातातून फांदी सुटली. पानं दोघींच्या डोक्यावर भुरभुरली. तिने नुसता चष्मा काढला संध्याचा, त्याच्यावर पडलेलं पान काढलं, आणि चष्मा आपल्या पदराने पुसून पुन्हा तिच्या डोळ्यांवर लावला.

"बरं, आता रडू नकोस," संध्या म्हणाली. "सोनं घे."

तिने ओच्यातली मूठभर पानं शरयूच्या ओंजळीत घातली. मूठभर पानांना वजन असावं त्याहून बरंच जास्त वजन शरयूच्या हाताला लागलं. तिने वरची दोन पानं बाजूला केली. खाली काळं, गार लोखंड होतं. वीतभर.

तिने संध्याकडे बघितलं. संध्या तळ्याकडे बघत होती.

गावाकडून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. दोघांचा. मग मोहनची हाक आली. "शरयू! अगं, मिळाली का चावी?"

शरयूने बाजूला केलेली पानं परत जागेवर ठेवली.

"आम्ही शोधतोय!" ती ओरडली, आणि संध्याशेजारी गवतात बसून आपल्या वेणीचं रबर सोडायला लागली.