न सुकणारे अश्रू

पंचावन्न सालच्या भाद्रपदात, भर दुपारी, मिरजोळ्याच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळी माळावर, जेवढी माणसं जमली तेवढी बावन्नच्या निवडणुकीच्या सभेलाही जमली नव्हती. एरवी गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीसाठी रानफुलं खुडायला चार बाया येतात, तेवढीच सड्यावरची वर्दळ. पण यंदा कातळावर देवी रडत होती.

रडत होती म्हणजे असं : कातळातल्या ओलसर खोलगटीत पैशाएवढी तांबडी रोपं जमिनीला चिकटून पसरली होती आणि त्यांच्या पानापानावर थेंब चमकत होते. गवतावरचं दव केव्हाच उडालं होतं. हे थेंब मात्र ऊन डोक्यावर आलं तरी जागचे हलत नव्हते.

"पाणी असतं तर सुकलं असतं!" रावजीबुवा गरजले. "हे आईचे अश्रू! ज्या डोळ्यात पडतील त्यातला रोग घेऊन जातील!"

बुवा पूर्वी केस वाढवायचं तेल विकत. स्वतःच्या टकलामुळे तो धंदा बसला. डोळ्यांच्या धंद्यात ती अडचण नव्हती.

डोळ्यात थेंब घालून घेणाऱ्यांच्या रांगेत सर्वांत पुढे महिपत होता, मासेमारीच्या मचव्यावरचा खलाशी. दोराचा फटका बसून त्याचा उजवा डोळा लालभडक झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि हयगय केलीस तर डोळा जाईल, असं बजावलंही होतं. ते मलम बुवांनी आदल्या दिवशीच विहिरीत टाकायला लावलं. दोन वैद्य एका डोळ्यात नांदत नाहीत, असं त्यांचं शास्त्र.

"बुवा, ह्यांचा डोळा वाचंल ना?" महिपतची बायको कमळा काकुळतीला आली होती.

"वाचेल? अगो, अंधारात मासे मोजील!"

"आमच्या शेळीनं सकाळीच मूठभर अश्रू खाल्लेत," मागून हफीजा म्हणाली. "तिला आधीच लोकांची भाजी लांबसून दिसते. आता काय व्हायचा?"

कुणी हसलं नाही. लोक खुरप्यांनी रोपं उपटण्यात गुंतले होते. मुळासकट घरी न्या, अशी बुवांची आज्ञा होती. घरी नेलेली देवी संध्याकाळपर्यंत वाळून जाई, की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा खुरपं घेऊन हजर.

तेवढ्यात मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सावित्रीबाई भिंग घेऊन पुढे आल्या.

"महिपत, जरा थांब रे."

त्यांनी गवताची काडी एका थेंबाला टेकवून वर उचलली. काडीबरोबर लांबलचक तार निघाली.

"अश्रूंना तार सुटते का हो बुवा?"

"आईचं दुःख दाट आहे!"

बाईंनी एक मुंगी पानावर सोडली. ती तिथेच अडकली. बघता बघता पानाच्या कडेचे केस तिच्यावर वाकले.

"मुंगीला मोक्ष मिळाला!" बुवांनी हात जोडले.

"मुंगीला विचारलंत?"

बाईंनी भिंग महिपतच्या हातात दिलं. तो कातळावर पालथा झाला, दुखरा डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही तं गळ टाकून बसल्येय! मना आमिष कळता, बुवा. जल्मभर तोच धंदा केला."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "कातळावर माती बोटभर, तिच्यात कस नाही. म्हणून हे झाड किडे धरून पोट भरतं. थेंब म्हणजे चीक, म्हणून उन्हात सुकत नाही. किडा विरघळवणारा हा चीक जखमेत घालायचा?"

कमळा ताडकन वळली. "बुवा, आधी तुमच्या डोळ्यात घाला."

"सेवकानं प्रसाद घ्यायचा नसतो."

"मग आमच्या घरच्याचा डोळा काय निवेदाचा हाय?"

बुवांना एकाएकी आंजर्ल्याचं बोलावणं आठवलं.

महिपत त्याच दुपारी दवाखान्यात गेला. डॉक्टर काय बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. डोळा वाचला. कडेला पांढरा ठिपका राहिला, पण सुकाणू दिसतं.

रोपं मात्र वाचली नाहीत. बी धरण्याआधीच उपटलेली. पुढल्या भाद्रपदात त्या खोलगटीत नुसती तांबडी माती होती. सड्यावरची ही झाडं आपल्या अंगणात लावून जगत नाहीत. त्यांना नवस नको, पूजा नको. कुणी हात लावला नाही, तर कातळावर त्यांचं बरं चाललेलं असतं.

तेव्हा विनंती एवढीच : डोळा दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. दुखत नसेल तर भाद्रपदात सड्यावर जा. वाका, नीट बघा. हात मात्र पाठीमागे बांधून.